उचलून नेलेल्या फरश्या

बाबूनं माझा अर्ज वाचलाच नाही. वरची ओळ पाहिली अन् कागद टेबलाखाली सोडून दिला.

"मराठी यहाँ नहीं चलती अब. हिंदी में लिखके लाओ."

मी वाकून कागद उचलला. कचेरीतले लोक पाहून राहिले होते.

नागपूर मुंबई राज्यात गेलं अन् आम्ही इकडं मध्य प्रदेशात राहिलो, त्याच्या दुसऱ्या वर्षाची ही गोष्ट. मी प्राथमिक शाळेत मास्तरीण होते. आमच्या जातीतली गावातली पहिली. शाळा कमेटीची. कचेरीही कमेटीचीच, म्हणजे गावच्या नगरपालिकेची.

आमच्या गल्लीत नालीच्या काठानं चालायला दगडी फरशी होती. काठाचे दगड निखळले, फरश्या डुगडुगायला लागल्या. माझी आई सुईण. अर्ध्या गावाची बाळंतपणं तिच्या हातची. एका दुपारी बोलावणं आलं म्हणून लगबगीनं निघाली. फरशी पलटली, ती नालीत पडली. मांडीचं हाड मोडलं.

खाटेवरून ती मला एवढंच म्हणाली, "मायं झालं ते झालं. दुसरं कोनी पडू नये. सांगून ये."

शाळेतल्या हिंदीच्या गुरुजींकडून अर्ज लिहून घेतला. पुन्हा गेले. या वेळी तिथं कमेटीचे एक मेंबर बसले होते. संत्र्याच्या बगीच्यांचे मालक. त्यांची तिन्ही लेकरं आईच्याच हातची. बोलावणं मागच्या दारानं यायचं, आईही मागच्या दारानंच जायची. त्यांनी मला उंबऱ्याबाहेरच थांबवलं. अर्ज वाचला. मग माझ्या पायांकडं पाहिलं.

"तू त्या सुईणीची पोरगी ना वं? तुमच्या पायाले फरशी कवापासून लागाले लागली?"

सगळे हसले.

मीही हसले. भ्यायले होते म्हणून हसले. घरी येईस्तोवर ते हसू तोंडावर तसंच चिकटून होतं. मला स्वतःची किळस येऊन राहिली होती. आईनं विचारलं, काय म्हणाले. मी सांगितलं, अर्ज घेतला.

आठ दिवसांनी ओव्हरसिअर आला. संगं दोन गडी, एक बैलगाडी. गल्लीतल्या बायांनी त्याला चहा दिला, माझी पाठ थोपटली. गड्यांनी पहारीनं फरश्या काढल्या. फुटक्या तिथंच टाकल्या, धड होत्या त्या गाडीत भरल्या. मी विचारलं, हे काय? ओव्हरसिअर म्हणाला, जागा धोक्याची आहे असा तुमचाच अर्ज आहे, काढून टाकायचा हुकूम आहे.

गाडी बाजाराच्या रस्त्याला लागली. फरश्या मेंबरच्या ओट्यापुढं बसल्या.

आमच्याकडं चिखल उरला. शेजारची काकू म्हणाली, "तुया अर्जानं होतं तेबी गेलं वं पोरी." खरंच होतं ते.

महिन्याभरानं मुख्याध्यापकांनी बोलावलं. समोर छापील कागद. तक्रार दूर झाली, काम पूर्ण झालं, खाली अर्जदाराच्या सहीला जागा. माणूस वाईट नव्हता. मान खाली घालून म्हणाले, नोकरी कमेटीची आहे बाई, सही करून मोकळ्या व्हा. दौतही त्यांनीच पुढं सरकवली.

मी टाक उचलला. आई तेव्हा न्हाणीपर्यंत बसल्या बसल्या, हातांवर सरकत जायची. ते डोळ्यांपुढं आलं. सहीच्या जागी मी लिहिलं, काम झालं नाही, होत्या त्या फरश्याही नेल्या.

"हे मी वर कसं पाठवू?" ते म्हणाले.

"जसं आहे तसं पाठवा."

मला कामावरून कमी केलं. कारण लिहिलं, हिंदी येत नाही. मी बोरगावकडच्या बगीच्यात संत्रा तोडायला जाऊ लागले. आई पुन्हा उभी राहिली नाही. गल्लीतले लोक कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

बाबू नवा कागद घेऊन दोनदा घरी आला. सही कर, नोकरी परत लागते म्हणाला. दोन्ही वेळा दारातूनच त्याला वापस धाडलं. त्याला आणखी यायचं असेल तर येऊ दे. माझ्या हातात काहीच नाही. नोकरी नाही, फरशी नाही, आईचा पाय नाही. एक सही तेवढी आहे. जे झालंच नाही त्याच्याखाली ती पडणार नाही.