मागच्याला हाक

आबा, म्हणजे माझे सासरे, कुठूनही निघताना मागं वळून एक हाक द्यायचे. ‘हीर्रऽऽ हो!’ लग्नाच्या मांडवातून, विट्याच्या एसटी स्टँडवरून, एकदा तर दवाखान्यातून बाहेर पडताना. लोक दचकून बघायचे आणि माझा नवरा सुनील, या म्हाताऱ्याशी आपली ओळखच नाही अशा थाटात चार पावलं पुढं सटकायचा. नवी सून असताना मी कारण विचारलं, तर म्हणाले, ‘‘तळ हलवताना हाक द्यावी लागती, पोरी. कोन मागं ऱ्हायलं आसंल तर त्याला कळाय नगं व्हय?’’ उमेदीची सगळी वर्षं त्यांनी म्हसवडकडून मेंढरं घेऊन घाटाखाली जाण्यात आणि परत येण्यात काढली होती. मेंढरं कधीच विकली, हाक तेवढी राहिली.

सुनीलचं कोइमतूरला गलाईचं दुकान. सोनं गाळून गाळून त्यालाही कंटाळा आला असावा, कारण एका सणाला घरी आला तो ‘परदेशी फिरायला जायचं’ हे ठरवूनच. त्याला उंच इमारती बघायच्या होत्या. मी शाळेत इतिहास शिकवते, मला जुने किल्ले हवे होते. आमची वादावादी चालू असताना आबा माझ्या फोनमध्ये डोकावत होते. पडद्यावर जॉर्जिया नावाचा देश होता. बर्फाचे डोंगर, खडकात कोरलेलं गाव, द्राक्षांचे मळे, समुद्र. आणि मग एका घाटातून खाली उतरणारी मेंढरं, रस्ताभर, गाड्या अडवून.

‘‘थांब, थांब. ही कुठं निघाल्यात?’’

आमची सहल तिथंच ठरली. बाकीचं जग बाद झालं.

त्या दिवसापासून आबांनी मला भंडावून सोडलं. त्यांना राजे-राण्या नको होत्या. नदी कुठून येते? वर गवत कधी संपतं? लांडगं हायती का? सुनीलनं सुट्टीचा म्हणून मे महिना काढला, तर आबा उसळले. ‘‘तवा ती वर चढत्यात, गड्या. खाली उतरत्यात दसऱ्याच्या सुमाराला, आमी निघायचो तसंच. उतरत्या मेंढरासंगं चालायचं. मोकळा डोंगर काय, आपल्या दारात हाय!’’ सहल कंपनीच्या कार्यक्रमात रोपवेचा पाळणा, बाजार आणि नदीतली होडी होती. आबांनी तो सगळा ऐकून घेतला आणि विचारलं, ‘‘व्हय, पर माणसं कवा भेटायची?’’

एक दिवस मी त्यांना तिथल्या डोंगरातले दगडी बुरूज दाखवले. शत्रू आला की गावकरी आत शिरून दारं लावून घेत, हेही सांगितलं. वर्गात एवढं सांगितलं की मुलं वहीत उतरवून घेतात. आबा म्हणाले, ‘‘आन् मेंढरं?’’

मी उत्तर शोधत बसले. पुस्तकात नव्हतं, फोनवर सापडेना आणि आबा रोज सकाळी चहाला तोच प्रश्न घेऊन बसत. शेवटी त्या डोंगराखालच्या गावात ज्या घरी आम्ही उतरणार होतो, तिथल्या नीनो नावाच्या मुलीला मी विचारलं. तिचे वडीलच मेंढपाळ निघाले. तिनं सरळ व्हिडिओ कॉल लावला आणि पडद्यावर एक पांढऱ्या मिशांचा, लोकरी टोपीतला म्हातारा आला. नाव वाखो.

मी आणि नीनो इंग्रजीत दुभाष्याचं काम करत होतो, पण पाच मिनिटांत दोघांनी आम्हाला बाजूला सारलं. वाखोनं कुत्रा दाखवला, आबांनी कातर दाखवली. बुरुजाचं उत्तरही मिळालं : तळमजल्यावर आधी मेंढरं, मग वर माणसं. ‘‘शाना हाय गडी,’’ आबा म्हणाले, आणि तेव्हापासून तो आमच्या घरी वाखोबा झाला. फोन ठेवताना आबांनी सवयीनं हाक दिली. पलीकडं वाखोबा चमकला. ती कशासाठी, हे मी नीनोकरवी सांगितलं. तो मान डोलवत राहिला.

‘‘आता हरकत न्हाई,’’ आबा मला म्हणाले. ‘‘माणूस धरल्याबिगर परक्या गावात तळ टाकू नये. आता आपला माणूस हाय तितं.’’ पासपोर्ट आला. वाखोबासाठी म्हसवडहून काळं घोंगडं आणून त्यांनी माझ्या बॅगेत तळाशी घातलं. त्यांना किती जायचं होतं, हे मी रोज बघत होते.

श्रावणात आबा गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

सुनील तिकिटं रद्द करायला बसला. मीच त्याला अडवलं. म्हटलं, ‘‘आबांनी माणूस धरलाय. तो वाट बघत असेल.’’

आम्ही दसऱ्याच्या सुमाराला पोचलो. घाट उतरून मेंढरं पायथ्याशी विसावली होती. आबा गेल्याचं नीनोनं वडिलांना आधीच सांगितलं होतं. वाखोबानं घोंगडं हातात घेतलं, लोकर बोटांनी चाचपली, हुंगली आणि खांद्यावर टाकलं. मला रडू आवरेना. अजून कुणी उतरायचं राहिलंय, असा तो आमच्या गाडीच्या उघड्या दाराकडं बघत राहिला.

सकाळी मेंढरं पुढच्या कुरणाकडं निघाली. आम्हीही त्यांच्या मागं चालू लागलो. वळणावर वाखोबा थांबला, मागच्या मोकळ्या रस्त्याकडं तोंड केलं आणि ओरडला, ‘हीर्रऽऽ हो!’ सूर जरा वाकडा होता, पण हाक आबांचीच होती.

मी सुनीलकडं पाहिलं. तो पुढं सटकला नव्हता. तो मागं वळला, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं ती हाक दिली. मग मेंढरांच्या मागं चालू लागलो.