रोज तीनला बंद पडणारं मशीन

त्या दुष्काळी वर्षी नगरमधल्या एका सरकारी कचेरीत मी कॉम्प्युटरवर काम करत होतो. भाड्यानं आणलेलं, खोलीभर पसरलेलं मशीन. गाड्यांच्या सुट्या भागांच्या याद्या त्यावर निघत. उन्हाळा लागला आणि ते रोज दुपारी तीनच्या सुमाराला बंद पडू लागलं. कारण शोधायचं काम माझ्या गळ्यात आलं. मला त्याचं ना सुख ना दुःख. त्या दिवसांत मला कशाचंच काही वाटत नव्हतं.

फेब्रुवारीत आमचं बाळ अकरा दिवसांचं होऊन गेलं होतं. बायको माहेरी, श्रीरामपूरजवळच्या बेलापूरला होती. दर आठवड्याला तिचं आंतर्देशीय पत्र यायचं. आईची तब्येत, आटलेली विहीर, आणि शेवटी एकच ओळ: "मी कधी येऊ?" ये म्हणावं, तर त्या दोन खोल्यांत एकमेकांसमोर बसायचं कसं, ते कळत नव्हतं. येऊ नकोस म्हणायची छाती नव्हती. पत्र कचेरीतल्या खणात टाकून मी कामाला लागायचो.

साहेबांचं निदान पक्कं होतं: उष्णता. त्यांनी पंखे वाढवले, खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावले. मशीन तीनलाच बंद. मग एक दिवस काम निम्मंच आलं, आणि तितक्याच उन्हात ते पाचपर्यंत सुरळीत चाललं. म्हणजे ऊन उगाच बदनाम झालं होतं.

पुढच्या वेळी ते बंद पडताक्षणी मेमरीत काय काय आहे, ते सगळं मी कागदावर छापून घेतलं. वीतभर जाडीचा आकड्यांचा गठ्ठा. तीन दिवस लाल पेन्सिल घेऊन त्यात डोकं घालून बसलो. घरी जायची घाई नव्हतीच.

मशीनचा सगळा कारभार बघणारा एक मुख्य प्रोग्रॅम असतो. तो थोडी मेमरी स्वतःसाठी राखून ठेवतो. ती काठोकाठ भरली होती, आणि भरली होती पुन्हा पुन्हा विचारलेल्या एकाच प्रश्नानं: 'अमुक टेप आहे का?' याद्यांची माहिती अशा टेपांवर साठवलेली असे. ऑपरेटरनं हो किंवा नाही टाइप करेपर्यंत तो प्रश्न जागा अडवून बसे. ते काम रद्द केलं तरी प्रश्न तसाच राहत होता. तीन वाजेपर्यंत पाऊल ठेवायला जागा उरत नव्हती.

ऑपरेटर मिरजगावकडचे, माझ्या वडिलांच्या वयाचे. मी विचारलं, "काका, तुम्ही उत्तर का देत नाही?"

"टेपा पुन्याहून आल्याच न्हाईत, साहेब. हाय म्हनावं तर खोटं हुतंय. न्हाई म्हनावं तर वरच्यांचं काम आपुन नाकारल्यावानी वाटतंय. म्हून गप ऱ्हातो. समजंल की त्याचं त्याला."

"असं गप बसून चालतं का? समोरचा वाट बघत राहतो!" मी इतक्या जोरात ओरडलो की पलीकडे कार्डं पंच करणाऱ्या बायकांचे हात थांबले. काकांनी मान खाली घातली. माझा एवढा आवाज कुठून निघाला, याचं मलाच नवल वाटलं.

काकांची सवय जाणार नव्हती, म्हणून मी मुख्य प्रोग्रॅममध्येच दुरुस्ती केली. दहा मिनिटांत उत्तर आलं नाही, तर 'नाही' समजायचं आणि जागा मोकळी करायची. दुसऱ्या दिवशी मशीन संध्याकाळपर्यंत अखंड चाललं. साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला.

त्याच आठवड्यात बेलापूरहून पत्र आलं. "सहा पत्रांना उत्तर आलं नाही, तेव्हा तुम्हाला मी यायला नको आहे, असंच समजते. इथल्या बालवाडीत जागा रिकामी आहे. सोमवारपासून जाईन. तब्येतीला जपा." शेवटी या वेळी प्रश्न नव्हता.

मी ते उभ्याउभ्या दोनदा वाचलं. श्रीरामपूरची एस.टी. धरली असती, तर अंधार पडायच्या आत तिच्या दारात पोचलो असतो. नाही धरली. पहिल्यांदा काय वाटलं ते खरं सांगतो: सुटल्यासारखं वाटलं. नको हा शब्द माझ्या तोंडून निघाला नव्हता. तो माझ्या वतीनं तिलाच म्हणावा लागला होता. लाज त्यानंतर वाटली, आणि ती अजून वाटते.