पाय टेकण्याचा प्रश्न

भोसरीतल्या एका कारखान्यात मी तयार मालाची तपासणी करते. केसाहून बारीक फरक पकडायचा आणि माल परत पाठवायचा, हे माझं वीस वर्षांचं काम. त्यामुळे पंचेचाळिसाव्या वर्षी लांबच्या प्रवासाची मोठी मोटरसायकल घ्यायची ठरली, तेव्हा मी आधी कॉम्प्युटरवर तक्ता केला. दोन गाड्या, बावीस रकाने. इंजिन, टाकी, टायर, सामान बांधायची सोय, हेडलाइटचा उजेड. सीटची उंची मी शेवटच्या रकान्यात टाकली, तीही अशी की प्रिंट काढला तर ती कागदाबाहेर जावी.

माझी उंची पाच फूट एक इंच. चपला धरून.

एक गाडी उंच, सडपातळ, आत्ता डोंगर चढायला निघेल अशी. दुसरी बुटकी, रुंद, उन्हात बसलेल्या म्हशीसारखी निवांत. मला अर्थातच उंच हवी होती. कारखान्यात, घरी, सोसायटीच्या लिफ्टमध्येसुद्धा मी तिचंच कौतुक करत होते. आणि ऐकणारा प्रत्येक जण एकच विचारायचा, "पण पाय पुरतात का?" त्यावर माझं उत्तर ठरलेलं होतं, "चालवायला घेतेय, पाय टेकायला नाही."

चाकणच्या शोरूममधल्या विक्रेत्यालाही मी तेच ऐकवलं. "मॅडम, नुसतं एकदा बसून तरी बघा," एवढंच तो बिचारा म्हणाला होता. त्याने माझं लायसन्स ठेवून घेतलं आणि चक्कर मारायला उंच गाडीची किल्ली दिली. नवरा मागे बसला. तो सहा फुटी. मोटरसायकलींबद्दल त्याला कसलंही मत नाही आणि माझ्याबद्दलची मतं तो सहसा बोलून दाखवत नाही.

पहिली दहा मिनिटं मी हवेत होते. मग निघोजेच्या बाजूला वळलो आणि पुढचा कंटेनर अचानक थांबला. मीही थांबले. डावीकडे रस्त्याची कड खचलेली होती. मी पाय खाली सोडला आणि तो खालीच जात राहिला. जमीन काही येईना. गाडी डावीकडे कलायला लागली, अगदी सावकाश, एखादी जाडी बाई सोफ्यावर बसते तशी. तेवढ्या वेळात मला बावीस रकाने आठवले असते, पण आठवला फक्त बाविसावा.

मी पडले. नवरा पडला नाही. त्याचे दोन्ही पाय जमिनीवर होते, तो नुसता उभा राहिला आणि गाडी त्याच्या पायांमधून निघून गेली.

"तू धरलं का नाहीस?" मी खालूनच विचारलं.

"तू म्हणालीस, मागे हलू नकोस."

मागून स्कूटरवर चाऱ्याचा भारा घेऊन एक म्हातारे काका येत होते. ते थांबले. त्यांनी आणि नवऱ्याने मिळून गाडी उभी केली.

"लागलं न्हाई ना, ताई?"

"नाही, काका."

त्यांनी गाडी खालपासून वरपर्यंत पाहिली, मग मला पाहिलं. मला बघायला त्यांना फार वेळ लागला नाही. "गाडी झ्याक हाय," ते म्हणाले. "पन कुणासाठी बघताय?"

नवऱ्याने तोंड फिरवून कंटेनरचा नंबर वाचायला सुरुवात केली.

एवढं होऊनही मला अक्कल आली नाही. चिंचवड स्टेशनजवळच्या चांभारदादांकडे जाऊन मी बुटांना इंचभर जाडीचा जादा तळ लावून घेतला. पुढच्या रविवारी ते बूट घालून पुन्हा त्याच शोरूममध्ये. विक्रेत्याने क्रॅश गार्डवरच्या ओरखड्याचा विषय काढला नाही, हा त्याचा मोठेपणा. पाय आता टेकत होते. पण त्या तळाखाली ब्रेक कुठे आहे तेच कळत नव्हतं. शोरूमच्या आवारात मी दोन चकरा मारल्या आणि कुंडीला धडकायच्या आत उतरले.

त्याच दुपारी साध्या बुटांत बुटकी गाडी चालवली, कारण आता न चालवायला काही कारण उरलं नव्हतं. गर्दीत आठ-दहा वेळा थांबले, प्रत्येक वेळी दोन्ही पाय सपाट जमिनीवर. परत आले तेव्हा लक्षात आलं की तक्ता एकदाही आठवला नव्हता. "ही घेऊ या," मी म्हणाले. नवरा म्हणाला, "बरं." कारखान्यात मात्र मी सांगितलं की दोन्हींचा सखोल अभ्यास केल्यावर हिच्या इंजिनची ओढ जास्त भरवशाची वाटली.

पहिल्याच लांबच्या फेरीला आम्ही माळशेजला निघालो. मंचरला चहाला थांबलो, तेव्हा मी ऐटीत गाडी टपरीसमोरच्या उतारावर तोंड खाली करून लावली. निघताना ती मागे घ्यायला गेले, तर तसूभरही हलेना. नवरा बिस्किटाचे पैसे देत होता. मी पाच मिनिटं ढकललं, आरसे नीट केल्यासारखं केलं, हेल्मेट काढून पुन्हा घातलं. बाकावर चहा पिणारे दोघे सगळं बघत होते.

शेवटी मी वळले आणि म्हणाले, "भाऊ, जरा मागे ओढता का?"

"केव्हाची वाट बघतोय, ताई," त्यातला एक ग्लास खाली ठेवत म्हणाला.