दाढीवाल्या फुलापायी खाल्लेला मार

मार मी लई जणांचा खाल्लाय. मास्तरचा खाल्ला म्हणून शाळा सोडली, बापाचा खाल्ला म्हणून परत शाळंत गेलो, तितं मास्तरनं परत हाणला म्हणून कायमचीच सोडली. पण फुलापायी मार खाल्लेला आमच्या अख्ख्या गल्लीत मी एकटाच.

थोरला भाऊ मिल्ट्रीत हुता. नव्वदच्या पुढची सालं ती. काश्मिरातनं पेन्शनीवर आला. दुसरी लोकं तिकडनं अक्रोड आणत्यात, शाली आणत्यात. आमच्या दादानं गोणपाटात गड्डं आणलं. दिसायला थेट हळद, जराशी जाड.

"आयरिस म्हनत्यात," दादा म्हटला. "जांभळं फूल येतंय. पाकळीवर दाढी असती."

मी म्हटलं, "फुलाला दाढी, आन् मला अजून मिशी न्हाय धड!"

फाडकन मुस्काडात बसली. काश्मिरात जायच्या आदी असल्या बोलण्यावर दादा पोट धरून हसायचा.

आईनं इचारलं, "तिकडं कुठं लावत्यात ही?"

"कबरीवर."

"मग आमच्या दारात कोण मेलंय रं?"

दादानं पाण्याच्या बादलीला अशी लाथ घातली की ती भिंतीवर जाऊन चेपली.

दारासमोर त्येनं उंच वाफा केला. मुरूम घातला, वाळू घातली. गड्ड्याची पाठ उघडी ठिवायची, मुळ्या तेवढ्या मातीत. पाठीवर ऊन पडलं पायजे. पाणी नावाला. आन् मला दम दिला, "हात लावलास तर हात मोडीन."

हात मोडला, पण माझा न्हाय. वहिनीचा. एका दुपारी तिनं भांड्याचं खरकटं पाणी वाफ्यात वतलं. सगळ्या बाया वततात तसं. दादा आतनं आला, तिचं मनगट धरलं आन् पिळलं. कट्टकन आवाज आला. मी भाकरी खात हुतो. उठून मधी पडलो. पडलो म्हंजी खरंच पडलो, ताटात पाय घसरून. तवर वहिनी भुईवर बसून हात पोटाशी धरून वरडत हुती.

हाताला पलिस्तर घालून ती कोडोलीला बापाकडं गेली. बापानं सांगावा धाडला, "जावयाचा हात गप झालाय ह्याची खात्री पटू दे, मग पोरीला धाडतो."

आई मला कोपऱ्यात घिऊन म्हटली, "सून परत आली पायजे. तवर त्येला राग यील असं काय करू नगंस. लेका, एवढं तरी जमंल का तुला?"

"जमंल की! न करायचंच काम हाय."

पावसाच्या तोंडाला दादा पेन्शनीच्या भानगडीपायी बाहेरगावी गेला. आभाळ आलं. आन् मला ती गड्डं बघवंनात. उघडीनागडी, पाठ वर करून पडल्याली. शाळा सोडल्यापासनं लोकांच्या रानात हळदीला मातीची भर लावलेला माणूस मी. गड्डा उघडा दिसला की हात शिवशिवतो. म्हटलं, दादा पावसात गड्डं झाकलेली बघंल, खूश हुईल, वहिनी यील. खोरं घेतलं आन् सगळ्यांना गळ्यापतूर माती लावली. वरनं पाटीभर शेणखत टाकलं. आईला म्हटलं, "बघ, कसं काम केलंय!" तीबी म्हटली, "आता कसं बरं दिसतंय." तिनंबी हळदच बघितल्याली.

पाऊस धो धो झाला. दादा आला तवा दारातच थांबला. मेलेल्या उंदरागत वास सुटलाता. त्येनं माती उकरली, गड्डा दाबला, तर हातात नुसता लगदा.

"कुणी केलं?"

मी लई हुशार. म्हटलं, "काय बिघडलं का?"

खोऱ्याचा दांडा पयला पाठीत बसला. दुसरा मांडीवर. तिसरा चुकवायला खाली वाकलो, त्यो नेमका डोळ्यावर घेतला. दादाचा नेम चुकलाता, मीच तोंड आणून दिलं. आई मधी आली तर तिला ढकललं, ती उंबऱ्यावर आपटली. मग दादा चाकू घिऊन ओट्यावर बसला. कुजकं कापायचा, आतला पांढरा गर लागंस्तवर खरवडायचा, राख चोळायचा, सुपात ठिवायचा. दोन गड्डं साफ झालं की उठायचा, मला एक हाणायचा, परत येऊन बसायचा. मी पळालो का न्हाय? पळायला मांडी पायजे. ती सुजून भोपळा झाल्याली.

सकाळी आई म्हटली, "आता जा कोडोलीला. रडून भेकून का असंना, तिला घिऊन ये. ती आली की ह्यो निवंल."

यष्टीत कंडक्टरनं तिकीट फाडलं. "पावणं, कुस्ती हुती व्हय?"

"व्हय."

"निकाल लागला का?"

"लागलाय की. तोंडावरच हाय, बघा."

वहिनी चुलीम्होरं बसल्याली. हात वाकडाच जुळलाता. भाकरी थापताना एकाच बाजूला जाड यायची. बाप खाटंवर. मी पाठ केलेलं घडाघडा बोललो, "वहिनी, दादा लई बदललाय. आवाज चढवत न्हाय. आता त्येचा हात म्हंजी देवाचा हात."

तिनं मान वर करून एकच डाव बघितलं.

"तोंडाला काय झालं, भावजी?"

"म्हशीनं लाथ मारली."

"म्हस दिवाळीतच विकली की आपुन."

"शेजाऱ्याची."

"शेजाऱ्याची म्हस डोळ्यापतूर चढली कशी?"

तिचा बाप हसला. मीबी हसलो. ती हसली न्हाय.

"त्यो सुधारला हे सांगायला धड तोंडाचं माणूस मिळंना व्हय घरात? जेवा आन् जावा. मी येणार न्हाय. आन् तुम्हीबी ऱ्हाऊ नगा तितं. मी गेले तवा तुमची पाळी आली. तुमच्यामागं आत्तींची, तुमच्या आईची हाय."

जेवलो मात्र पोटभर. दोन डाव कालवण मागून घेतलं.

घरी आलो तर उघडीप पडलीती. दादा गुडघ्यावर बसून जगलेलं गड्डं परत लावत हुता.

"काय म्हटली?"

"येत न्हाय."

"तू काय सांगितलंस?"

"म्हशीनं मारलं म्हटलं."

"सुक्काळीच्या, म्हस हाय का आपल्याकडं?"

मला काय झालं कुणास ठावं. बोंब मारल्यागत वरडलो, "न्हाय म्हस! तू हाईस! तू मारलंस मला! तिचा हातबी तूच मोडलास!"

गल्लीतली दारं उघडली. दादा उठला. त्येचा हात धरायला गेलो, तर गडबडीत माझाच दुसरा हात धरला. छातीत बुक्की बसली आन् मी उताणा वाफ्यात पडलो, नव्या लावलेल्या गड्ड्यांवर.

दादा खाली बसला. वाटलं, आता उचलतोय. त्येनं मला कुशीवर ढकललं आन् पाठीखालनं एकेक झाड काढलं. बाळंतिणीच्या कुशीतनं लेकरू घ्यावं तसं. मोडक्या पानावरची माती बोटानं झाडली. असला हलका हात मी त्येचा जन्मात बघितला न्हवता.

"दादा," मी म्हटलं, "मी बी हाय की हितं."

"तुला काय हुतंय? ही मरतील."

सकाळी आईला म्हटलं, "चल माझ्यासंगं." ती म्हटली, "त्येला भाकरी कोण घालंल?" लई वढलं, आली न्हाय. मग मी एकटाच पेठ वडगावच्या यष्टीत बसलो, आन् तितं पोती उचलायच्या कामाला लागलो. फुलं आली का न्हाय, मी इचारलं न्हाय. वडगावच्या बाजारात गावचं कोण भेटलं की आदी आईचंच इचारायचो. चांगली हाय म्हटलं की म्हणायचो, "तोंड बघितलंस का तिचं? नीट बघितलंस?"