अठरा हातांचं लुगडं

मानवतच्या बाजारात कापडाची दुकानं ढीगभर, पण बायनाबाईंना हवं तसं सुती लुगडं एकाही दुकानात नव्हतं. जिकडेतिकडे शिवून तयार, पायजम्यासारखी पाय घालून चढवायची नऊवारी. नातीचं, लेकीच्या पिंकीचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. असलं सोंग घेऊन वालूरच्या मांडवात मी पाऊल ठेवणार नाही, असं म्हातारीने जाहीर करून टाकलं. आणि बायनाबाई बोलल्या की बोलल्या.

सून मंजुषाने ते मनावर घेतलं. ती सेवा केंद्रात कॉम्प्युटरवर लोकांना सातबारे काढून द्यायची. खरेदीच्या साइटवर नऊवारी शोधली की आधी जाहिराती यायच्या, मग सहावारी, मग शिवलेल्या, आणि मध्येच एखादं पायपुसणं. वैतागून तिने व्हिडिओ बघत बघत ब्राउझरसाठी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. पान उघडलं की ती जाहिराती, शिवलेलं, पॉलिस्टर आणि नऊपेक्षा कमी लांबीचं सगळं आपोआप लपवायची. सूपच म्हणा ना! पण पाखडून झालं तर सुपात दाणाही उरला नाही. पान कोरं.

दोन दिवस ती स्क्रिप्टच्या ओळी उलट्यापालट्या करत बसली. नवऱ्याने, आदिनाथने, सहावारी नेसवण्याचा सल्ला दिला. त्याला कोणी विचारलं नव्हतं. शेवटी बायनाबाईच शेजारी येऊन टेकल्या आणि किती लांबीचं शोधतेस म्हणून विचारलं.

"नऊ मीटर, आत्याबाई. नऊवारी हाय ना."

"मीटर कुनी सांगितलं तुला? वार म्हंजी दोन हात. आमी अठरा हात नेसतो."

मंजुषाने शिवणाचा टेप आणून सासूच्या हाताला लावला. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत शेहेचाळीस सेंटिमीटर. असे अठरा हात म्हणजे सव्वाआठ मीटर! तिला स्वतःचंच हसू आलं. स्क्रिप्टमधल्या नवाचे तिने आठ केले आणि कोऱ्या पानावर बारा लुगडी उभी राहिली. बायनाबाईंनी लाल काठाचं हिरवं निवडलं.

पार्सल आलं तेव्हा त्यांनी ते ओसरीवर पसरून हाताने मोजलं. अठरा हात भरले, वर चार बोटं उरली. तेव्हा कुठे त्या हसल्या.

मांडवात विहीण केशरबाईंनी काठ चाचपत, कोणत्या दुकानातलं म्हणून विचारलं. बायनाबाईंनी मंजुषाला दंडाला धरून पुढे ओढलं. इतकं कौतुक परीक्षेत पहिली आली तेव्हाही तिच्या वाट्याला आलं नव्हतं.

"दुकानातलं न्हाई," त्या म्हणाल्या. "माझ्या सुनेनं मशीनला माझा हात शिकवला."