डावीकडून दुचाकी

पिराजी तात्याएवढा तिरसट माणूस आमच्या रिक्षा स्टॉपवर दुसरा न्हाय. सकाळी यायचं, लाईनीत गाडी लावायची, काच पुसायची आन् गप बसायचं. चहाला हाक मारली की म्हणायचं, "झालाय." झालेला नसायचा, मला म्हाईत की! मी बाळासो, तात्याच्या मागं माझी रिक्षा लागती. कैक वर्षं मी त्या माणसाच्या रिक्षाची पाठ बघत आलोय.

त्या पाठीवरच सगळं लिवलेलं हुतं बगा. आमच्या कोल्हापुरात रिक्षा म्हंजे घरातलं माणूस. आरसे काय, गोंडे काय, आन् मागं रंगाऱ्याकडनं झोकात लिवून घेतलेलं पोराचं नाव. तात्याच्या रिक्षामागं "संयोगिता" हुतं. एकुलती एक पोर. ती शिकली, दवाखान्यात लॅबला लागली आन् आपल्या मनानं लग्न ठरवलं, प्रसेनजीतसंगं. पोरगा कॉलेजात शिकवतो, सुपारीचंसुदीक व्यसन न्हाय. पर बौद्ध घरातला, तेवढंच तात्याला दिसलं. जात आडवी आली, दुसरं काय! मी तोंडावर सांगितलं, "तात्या, खुळ्यागत करू नगंस, पोरगी हातची जाईल." तर माझ्याशी बोलायचं सोडलं. लग्नाला गेला न्हाय. रंगाऱ्याकडं गेला आन् त्या नावावर निळा रंग फासून आला.

पुढं वहिनी वारल्या. संयोगिता मातीला आलती. दारात हुबी ऱ्हाऊन हुंदके द्याय लागली, आन् हा बाबा भिताडाकडं तोंड करून बसलेला. मला असला राग आलता, वाटलं मानगूट धरून फिरवावं. पोरगी आली तशी गेली. तवापासनं तात्या एकटा. एकदा ताप आला म्हणून मी भाकरी घेऊन गेलतो, तर टीव्ही चालू आन् आवाज बंद. म्हटलं आवाज का न्हाय? म्हणतो, "बोलत्यात आन् आपल्याला काय विचारत न्हाईत. कशाला ऐकायचं?"

अशा माणसाच्या रिक्षात कंपनीनं बोलणारी डबी बसवली.

पुण्याची कुठली तरी कंपनी आलती. काही रिक्षा, काही बस, दवाखान्यातल्या बायकांच्या स्कूटर आन् चौकातले सिग्नल, सगळ्यांवर डब्या लावल्या. गाड्यांनी एकमेकींशी बोलायचं म्हणे. वळणावर गाडी दिसायच्या आधीच डबी सांगणार. पावसाळ्यापर्यंत चाचणी, जमलं तर सगळ्या शहरात लावायच्या, म्हंजे अपघात कमी. बरोबर तेजस्वी नावाची इंजिनिअर पोरगी हुती, समजावून सांगाय. आमी हसलो. कोल्हापूरच्या रिक्षावाल्याला पुढची गाडी डबी दाखवणार! आमचा नाद करायचा न्हाय म्हटलं.

डबीत एक बाई बोलायची, एकदम पुस्तकी. "पुढे बस थांबली आहे." "डावीकडून दुचाकी येत आहे." मी तिच्यावर वरडायचो, "दिसतंय की गं मला, आंधळा हाय व्हय?" पर तात्याचं येगळंच. एकदा सिग्नलला आमच्या रिक्षा शेजारी शेजारी आल्या. त्याची डबी म्हणाली, "सिग्नल सुटत आहे." आन् तात्या हळूच म्हणाला, "व्हय, निघालो." दिवसभरात त्या माणसानं कुणाला तरी पयल्यांदा जाब दिला आसंल.

महिना-दोन महिने गेले. तेजस्वी एकदा लॅपटॉप घेऊन स्टॉपवर आली आन् मला म्हणाली, "काका, या कोपऱ्यावर सगळ्या रिक्षांचा वेग एकदम कमी होतो. सकाळी तर प्रत्येकाचा. तिथं खड्डा आहे का?"

मी बघितलं आन् हसाय लागलो. "खड्डा न्हाय ताई, मारुती हाय. हात सोडून नमस्कार केल्याबिगार कोण म्होरं जाईल?"

सगळा स्टॉप हसला. तीबी हसली. मग बोट दुसरीकडं नेलं. "आणि हे? राजारामपुरीत या गल्लीच्या तोंडाला एकच रिक्षा थांबते. रोज संध्याकाळी. इथं कुठला देव?"

नंबर तात्याचा हुता. सगळी मागं वळून बघाय लागली. तात्याचं तोंड कानापर्यंत लाल. "लघवीला थांबतो," म्हणाला, आन् रिक्षाला किक मारून गेला.

मी कसला सोडतोय! सांजच्याला गेलो त्या गल्लीवर. बंगल्याच्या कंपाउंडाच्या आडोशाला, गल्लीतनं दिसणार न्हाय अशी तात्याची रिक्षा लावलेली. मी आत शिरून सीटवर बसलो. "बोल. कुणाची वाट बघतोस?"

आधी शिव्या दिल्या मला. मग सांगितलं.

डबी बसवून थोडेच दिवस झालते. तात्या ह्या गल्लीवरनं जात हुता, रिकामा, जोरात. डबी म्हणाली, "डावीकडून दुचाकी येत आहे." दिसत तर काय नव्हतं, कंपाउंड आडवं. पर त्यानं ब्रेक दाबला. आन् गल्लीतनं सुसाट स्कूटर भाईर आली, रिक्षाच्या नाकाला घासून गेली म्हणे. चालवणारी संयोगिता. म्होरं एक बारकी पोर हुबी, मोठ्यानं दुकानांच्या पाट्या वाचत.

"ब्रेक लावला नसता तर, बाळू..." तात्यानं हुब्या गाडीचा ब्रेक दाबून धरला. "माज्याच हातनं गेल्या असत्या दोगी."

"मग उतरायचं की! हाक मारायची!"

"कुठल्या तोंडानं?"

खरंच कुठल्या तोंडानं!

तवापासनं ह्यो रोज हितं यायचा. ड्युटी सुटली की संयोगिता त्या गल्लीतल्या पाळणाघरातनं पोरीला घेऊन निघायची, पर ड्युटीचा भरवसा न्हाय, कधी लवकर, कधी उशिरा. त्या गल्लीत डबी असलेली गाडी दुसरी न्हाय. म्हंजे डबी बोलली की तीच. डबी बोलली की तात्या टपाखाली सरकायचा, तोंड फिरवायचा, आन् स्कूटर गेली की मान काढून पाठमोरी बघायचा. एवढंच. भाडं सोडून, चहा सोडून, ह्यासाठी. नातीचं नावसुदीक त्याला म्हाईत नव्हतं.

"पाट्या वाचती," मला म्हणाला. "झेरॉक्स. पिठाची गिरण. सगळं वाचती."

तेवढ्यात डबी बोलली. तात्यानं मला खाली दाबलं, सवताबी खाली. स्कूटर गेली. जाताना पोरीचा आवाज आला, "गि-र-ण!" तात्या हसला. मी ह्या माणसाला हसताना कधी बघितलं नव्हतं, आन् मला मेल्याहून मेल्यागत झालं.

मग निरोप आला. चाचणी संपली, डब्या परत करा. पटांगणात आमी रिक्षा लावल्या, पोरं पटापट डब्या काढाय लागली. तात्याची पाळी आली तर ह्यो डबीवर हात ठेवून बसला. काय केल्या काढू देईना. "राहू दे की एक. तुमाला काय कमी पडतंय?" डबी काढणारा पोरगा तेजस्वीला घेऊन आला.

"काका, पुन्हा बसवतील शहरभर. वर्ष-दोन वर्षांत," ती म्हणाली.

"वर्ष-दोन वर्षांनी काय करू?" तात्या असा वरडला की डब्या काढणारी पोरं थांबली. मग आवाज बसला त्याचा. "ही गेली तर ती कवा येती मला कळंल कसं? आन् अचानक म्होरं आली तर तोंड कुठं लपवू?"

तेजस्वीला काय कळंना. मी तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तात्यानं आयमाय काढली माझी, काढू दे. ती पोर तात्याच्या शेजारी जाऊन बसली.

"काका, ही डबी नुसती ऐकत नाही. बोलतेसुद्धा. तुम्हाला त्यांची गाडी कळायची, तशीच त्यांना तुमची कळत होती. गल्लीच्या तोंडाशी आल्या की त्यांची डबी सांगणार, पुढे रिक्षा थांबली आहे. तुम्ही होतात ते सगळे दिवस."

तात्यानं डबीवरचा हात काढला. आमी सगळ्यांनी त्या डबीला रेडिओ समजलेलं. आपण ऐकायचं, दुसरीकडं काय जात न्हाय. तात्या टपाखाली तोंड लपवून बसायचा आन् ही बया तिकडं पोरीला रोज सांगत हुती, बाप हितं हाय.

"तिला म्हाईत हुतं?" तात्यानं मला इचारलं.

"तात्या," मी म्हटलं, "तुजी रिक्षा ती वळखत न्हाय व्हय? आन् त्या गल्लीला दुसरं तोंड हाय. सरळ मेन रोडला लागतंय. तिकडनं तिचं घर जवळ. तरी रोज हिकडनंच येती."

तात्यानं आपल्या हातानं डबी काढून दिली.

दुसऱ्या दिवशी स्टॉपवर आला न्हाय. मला वाटलं, झालं, आता हा माणूस हातरूण धरतोय. तर दुपारी रिक्षा घेऊन हजर. मागं बघितलं तर निळ्या रंगावर पिवळ्या जर्द अक्षरात ताजं नाव. रंग अजून वाळला नव्हता. कुणी चेष्टासुदीक केली न्हाय. तात्या मला म्हणाला, "सांजच्याला संगं येतोस काय? एकट्याला जमणार न्हाय."

गेलो. कंपाउंडाचा आडोसा सोडून त्यानं गल्लीच्या तोंडालाच, बाजूला रिक्षा लावली. पाठ गल्लीकडं, म्हंजे भाईर येणाऱ्याला नाव दिसावं. सवता म्होरं तोंड करून, दोन्ही हात हँडलवर. मी मागच्या सीटवर. डबी न्हाय, त्यामुळं सांगणारं कोण न्हाय. कुठलीबी स्कूटर वाजली की तात्या दचकायचा. रस्त्यावर एवढी गर्दी, हॉर्न, आन् आमी दोघं नुसती गप. किती एकटा पडला हुता हा माणूस, ते मला त्या सीटवर बसून कळलं.

मग एक स्कूटर मागं येऊन हळू झाली. थांबली.

"सं... यो... गि... ता." बारका आवाज. "आई! तुझं नाव!"

तात्या आरशात बघत हुता. मी त्याच्या पाठीत बुक्की घातली, "उतर की!" त्याला उतरवंना. डोळ्यातनं घळाघळा पाणी, आन् हात हँडलवर तसंच.

"आई, कुणाची रिक्षा आहे ही?"

इंजिन नुसतं चालू. मला वाटलं, आता ही जाणार.

"ओळखीच्यांची हाय," संयोगिता म्हणाली. "मोना, नीट हुबी ऱ्हा."

स्कूटर हळूच शेजारनं गेली. तिनं बघितलं न्हाय. पोरीनं बघितलं, वळून वळून, म्होरच्या पाटीपर्यंत.

तात्यानं टॉवेलनं तोंड पुसलं. "मोना म्हणाली न्हवं?"

"व्हय."

"आन् ओळखीच्यांची म्हणाली. परक्याची हाय म्हणाली न्हाय."

"तसं म्हणाली न्हाय, तात्या."

रिक्षा चालू केली. स्टॉप येईपर्यंत त्यानं हेच परत परत इचारलं आन् मी परत परत सांगितलं. माझ्यासारख्या तापट माणसाला राग आला न्हाय. स्टॉपवर येऊन गाडी लाईनीला लावली, आन् मग खाली न उतरताच मला म्हणाला, "बाळू, उद्या उलटी लावूया. गल्लीकडं तोंड करून."