आंघोळीचं पाणी

चुलीवर उकळलेल्या पाण्याला धुराचा वास येतो. परवा गॅस संपला म्हणून सुनेनं तसं पाणी दिलं आणि मी पेला तसाच खाली ठेवला.

सत्तर वर्षांपूर्वीची, आमच्या भागाचं सरकार नागपुरात होतं तेव्हाची गोष्ट. वरवट बकालजवळच्या आमच्या खेड्यात, पोळ्याला कोणाची बैलजोडी तोरणाखालून आधी जायची यावरून दोन आळ्यांत कुऱ्हाडी निघाल्या. माझ्या बापाचा हात गेला. शाळा आमच्या आळीत, म्हणून पलीकडच्या आळीतल्या, माझ्या वर्गातल्या सखूची शाळा सुटली.

पुढच्या उन्हाळ्यात पटकीची, कॉलऱ्याची साथ आली. शाळेतल्या बाई आम्हा पोरींना म्हणाल्या, "घरोघर सांगा, पाणी उकळून प्या." आमच्या आळीतलं एकही घर मी सोडलं नाही.

अंगणात पातेलं रटरटत होतं. विहिरीवरून घागर घेऊन येणारी सखू थबकली.

"पाणी काऊन उकयून राह्यली वं?"

बापाचा हात तिच्या काकानं तोडला होता.

"आंघोयीले," मी म्हणाले.

"एवढ्या उन्हात?" ती हसली आणि घागर घेऊन गेली.

चार दिवसांत तिच्या घरातून तीन तिरड्या निघाल्या. त्यातली एक आखूड होती.

बाईंनी माझी पाठ थोपटली. "एका शिकलेल्या पोरीनं आळी वाचवली."

खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मी पोटभर जेवले.